आमचे मतदान आधी, आमचा हिशेब कधी?

प्रति,
माननीय मुख्य निवडणूक आयुक्त आणि निवडणूक आयुक्त,
भारत निवडणूक आयोग, निर्वाचन सदन, नवी दिल्ली.

महोदय,

औसा हे नाव आपल्या कार्यालयाला नवीन नाही. 9 एप्रिल 2019 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि उद्धव ठाकरे यांची संयुक्त सभा इथे झाली आणि त्या सभेतल्या भाषणाची तक्रार आपल्यापर्यंत आली. त्याच वर्षी 13 ऑक्टोबरला विधानसभेच्या प्रचारासाठी राहुल गांधी औशात बोलले. 12 नोव्हेंबर 2024 रोजी उद्धव ठाकरे यांच्या बॅगा आपल्या पथकाने औशातच तपासल्या आणि ती चित्रफीत देशभर पाहिली गेली. एका तालुक्याच्या गावात एवढी मोठी माणसे येऊन गेली. मते मागायला कोणी यावे, यात गैर काहीच नाही. मी आपल्याला विचारतो आहे ते याच्या पुढचे. ही माणसे कुठे उतरायचे, केव्हा उतरायचे, कोणाच्या पैशाने उतरायचे आणि आमचे मतदान होताच कुठे निघून जायचे, हे कशावरून ठरवतात? आणि त्या ठरवण्यात आपण आखलेल्या वेळापत्रकाचा वाटा किती?

आमच्या मतदारसंघाची रचना आपणच सांभाळता, म्हणून ती आपल्याला समजावून सांगण्याची गरज नाही. औशाचा जिल्हा लातूर, पण लोकसभेला आम्ही मत देतो ते धाराशिवसाठी. 2019 मध्ये या दोन्ही मतदारसंघांचे मतदान एकाच दिवशी, 18 एप्रिलला होते. धाराशिवला शिवसेनेचा उमेदवार होता, लातूरला भाजपचा. औशाच्या एका व्यासपीठावरून दोन मतदारसंघ आणि युतीतले दोन्ही पक्ष साधत होते. सभेची जागा ठरवणाऱ्यांनी नकाशा आणि तारीख दोन्ही नीट पाहिलेली दिसतात. पक्षांनी हा हिशेब करावा, तो त्यांचा अधिकार आहे. पण हा हिशेब ज्या तारखांवर उभा राहतो त्या तारखा पक्ष ठरवत नाहीत, आपण ठरवता. म्हणून हे पत्र कोणत्याही पक्षाला न लिहिता आपल्याला लिहिले आहे.

महाराष्ट्रात लोकसभेच्या जागा तेव्हाही 48 होत्या, आजही 48 आहेत. 2004 मध्ये त्यांचे मतदान दोन टप्प्यांत झाले. 2009 आणि 2014 मध्ये तीन, 2019 मध्ये चार आणि 2024 मध्ये पाच. दर खेपेला रस्ते सुधारले, दळणवळण सुधारले, मतदान यंत्रे सरावाची झाली, आणि टप्पे मात्र वाढत गेले. 2024 मध्ये तामिळनाडूच्या सगळ्या 39 जागांचे मतदान 19 एप्रिल या एका दिवसात आपण पूर्ण केले. आमच्याच राज्यात त्याच वर्षी 20 नोव्हेंबरला विधानसभेच्या 288 जागांचे, एक लाखाहून अधिक केंद्रांवरचे मतदान आपण एका दिवसात घेतले. जे राज्य नोव्हेंबरमध्ये एका दिवसात मतदान करू शकले, त्याला एप्रिल-मेमध्ये पाच टप्पे का लागले? सुरक्षा दलांची उपलब्धता, सण, परीक्षा, हवामान ही कारणे आपण सर्वसाधारणपणे सांगता, ती आम्ही ऐकली आहेत. पण धाराशिव आणि लातूर 7 मेला, शेजारचे नांदेड, परभणी आणि हिंगोली 26 एप्रिलला, बीड 13 मेला, असे मराठवाड्याचे तुकडे कोणत्या निकषावर पडले? 2019 मध्ये हीच बीड, लातूर, धाराशिव, नांदेड, परभणी आणि हिंगोली एकाच दिवशी मतदान करून मोकळी झाली होती. पाच वर्षांत असे काय बदलले, हे आम्हाला कोणी लेखी सांगितलेले नाही.

टप्प्यांचे परिणाम आपल्याला दिसत नसतील असे मी मानत नाही. 2024 च्या तारखाच पाहा. 20 एप्रिलला पंतप्रधान नांदेड आणि परभणीत होते. तिथे मतदान 26 ला. 30 एप्रिलला ते धाराशिव आणि लातूरला आले. आमचे मतदान 7 मेला. 7 मेला त्यांच्या सभा अहमदनगर आणि बीडसाठी झाल्या. तिथले मतदान 13 ला. 15 मेला मुंबईत रोड शो, 17 ला शिवाजी पार्कवर सभा. मुंबईचे मतदान 20 ला. ज्या पक्षाकडे जेवढी साधने, तेवढ्या प्रमाणात प्रत्येकाचा प्रवास याच क्रमाने झाला. ऊसतोडीची टोळी एक फड संपवून दुसऱ्या फडात जाते, तसे देशातले सगळे मोठे नेते, विमाने, पैसा आणि यंत्रणा टप्प्याटप्प्याने सरकत जातात. अठ्ठेचाळीस जागांसाठी एकाच दिवशी जी ताकद विभागावी लागली असती, तीच ताकद पाच वेळा पूर्णच्या पूर्ण वापरता येते. हे शक्य होते फक्त लांबलेल्या वेळापत्रकामुळे. आणि त्याचा लाभ सर्वांना सारखा मिळत नाही. ज्याच्याकडे चार हेलिकॉप्टर आहेत त्याला पाच टप्पे सोयीचे पडतात. ज्या अपक्षाकडे किंवा छोट्या पक्षाकडे एक जीप आणि पंचवीस कार्यकर्ते आहेत, त्याला त्यातून काहीच मिळत नाही. समान संधी हा शब्द आपल्या प्रत्येक पत्रकार परिषदेत येतो. टप्पे आखताना तो शब्द आपल्या टेबलावर असतो का?

आधी मतदान करणाऱ्याला जगात इतरत्र काय मिळते, तेही आपल्याला ठाऊक आहे. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार निवडताना न्यू हॅम्पशायर 1920 पासून पहिली प्राथमिक निवडणूक घेत आले, आणि आयोवाच्या पक्षसभा (कॉकस) 1972 पासून सुरुवातीला होऊ लागल्या. दोन्ही राज्ये लहान. तरी उमेदवार तिथे महिनोन्‌महिने ठाण मांडतात, लोकांच्या घरी जातात, शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे देतात. जॉर्जियाच्या बाहेर फारसे कोणाला माहीत नसलेले जिमी कार्टर 1976 मध्ये आयोवातल्या पायपिटीमुळेच देशासमोर आले. तिथल्या सुरुवातीच्या राज्यांना इतके महत्त्व का, यावर वाद आहे, आणि 2024 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने दक्षिण कॅरोलायनाला पुढे आणून तो क्रम बदललाही. पण तिथे आधी मत देणाऱ्याचा निकाल त्याच रात्री जाहीर होतो, म्हणून उमेदवाराला त्याची गरज असते. आमचे मत मात्र यंत्रात बंद होते. 2019 मध्ये आम्ही 18 एप्रिलला मत दिले आणि 23 मेपर्यंत वाट पाहिली. 2024 मध्ये 7 मेला मत दिले आणि 4 जूनपर्यंत वाट पाहिली. निकाल शेवटीच लागावा, तेच योग्य आहे. नाहीतर उरलेल्या मतदारांवर त्याचा दबाव येईल. पण मग आधी मतदान करून आमच्या हाती काय पडते? उमेदवाराला पुन्हा आमच्या दारात येण्याचे कारण 7 मेच्या संध्याकाळी संपते. वेळापत्रकाचा सगळा फायदा प्रचार करणाऱ्याला आणि सगळी प्रतीक्षा आम्हाला, ही वाटणी आपल्याला न्याय्य वाटते का?

या प्रतीक्षेची आणखी एक किंमत आम्ही मोजतो. आमचे मतदान झाले तरी आचारसंहिता उठत नाही. देशातला शेवटचा टप्पा आणि मतमोजणी होईपर्यंत ती चालू राहते. 2024 मध्ये ती 16 मार्चला लागली. एप्रिल, मे आणि जूनचे पहिले दिवस हे मराठवाड्यात टँकरचे, चाऱ्याचे, विहीर अधिग्रहणाचे आणि रोजगार हमीच्या मागणीचे दिवस असतात. लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेही एप्रिलमध्येच. 2019 च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांसाठी आचारसंहिता शिथिल करा, अशी विनंती राज्य सरकारला आपल्याकडे करावी लागली आणि आपण ती मान्य केलीत. म्हणजे अडचण खरी होती, हे आपल्या दप्तरीच आहे. असे असताना 2024 मध्ये टप्पे कमी करण्याऐवजी वाढवताना, ज्यांचे मतदान आधीच झाले आहे अशा जिल्ह्यांचा विचार कोणत्या बैठकीत झाला?

आता पैशाबद्दल. लोकसभेच्या उमेदवाराला 95 लाख आणि विधानसभेच्या उमेदवाराला 40 लाख रुपये खर्चाची मर्यादा आपल्या शिफारशीवरून ठरली आहे. ती पाळली जाते की नाही, हे पाहायला आपले खर्च निरीक्षक येतात. जिल्हा निवडणूक अधिकारी दरपत्रक काढतात. चहाचा दर, नाश्त्याचा दर, प्लास्टिकच्या खुर्चीचे दिवसाचे भाडे, मंडपाचा दर, जीपचे भाडे, सगळे त्यात असते. व्हिडिओ पथक सभेतल्या खुर्च्या मोजते. ही काटेकोर पद्धत मला मान्य आहे, तिचे कौतुकही आहे. पण त्याच मैदानाशेजारी उतरणाऱ्या हेलिकॉप्टरचे काय? लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 77 प्रमाणे स्टार प्रचारकांच्या प्रवासाचा खर्च उमेदवाराच्या खात्यात धरला जात नाही. मान्यताप्राप्त पक्षाला असे चाळीस प्रचारक नेमता येतात. आणि पक्षाच्या एकूण खर्चाला तर मर्यादाच नाही. खुर्चीचे भाडे मोजणारी आणि हेलिकॉप्टरचे भाडे सोडून देणारी ही पद्धत खर्चाला मर्यादा घालते, असे आपण आम्हाला कोणत्या आधारावर सांगता?

कायदा संसदेचा आहे, आमचा नाही, असे उत्तर आपण द्याल. ते अर्धे उत्तर आहे. 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्षाने केलेला खर्चही उमेदवाराच्या खर्चात धरावा असा निकाल दिला होता आणि संसदेने लगेच कायदा बदलून तो निष्प्रभ केला, हा इतिहास आपण जाणता. म्हणूनच 2018 च्या ऑगस्टमध्ये आपण सर्व पक्षांना बोलावून पक्षांच्या खर्चावर मर्यादा असावी हा विषय मांडलात, तेव्हा आमच्यासारख्यांना आशा वाटली होती. त्यानंतर दोन लोकसभा निवडणुका झाल्या. ती मर्यादा कुठे आहे? 15 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरवले आणि पैसा कोणाकडून आला हे काही अंशी उघड झाले. पैसा कुठे गेला, हे मात्र अजून कोणी सांगत नाही. लोकसभेनंतर 90 दिवसांत आणि विधानसभेनंतर 75 दिवसांत पक्ष आपल्याला हिशेब देतात. त्या कागदांवरून औशाच्या मतदाराला आपल्या मतदारसंघावर कोणत्या पक्षाने किती ओतले, हे समजत नाही. ते समजण्याचा हक्क आम्हाला आहे, असे आपण मानता का?

2019 च्या त्या सभेकडे पुन्हा यावे लागते, कारण तिच्याविषयीचे आपले वागणे अजून अनुत्तरित आहे. त्या वर्षी 9 आणि 19 मार्चला आपणच पक्षांना लेखी बजावले होते, की सैन्यदले आणि त्यांच्या कारवाया प्रचारात आणू नका. 9 एप्रिलला औशाच्या सभेत पहिल्यांदा मत देणाऱ्या तरुणांना, आपले मत बालाकोटच्या हवाई हल्ल्यातील वीरांना आणि पुलवामाच्या शहिदांना समर्पित करण्याचे आवाहन झाले. तक्रार झाली. 18 एप्रिलला आमचे मतदान झाले. आचारसंहितेचा भंग झाला नाही, हा आपला निर्णय आला 1 मेला. निर्णय बरोबर होता की चूक, यावर दोन मते असू शकतात. पण मतदानानंतर तेरा दिवसांनी आलेल्या निर्णयाचा औशाच्या मतदाराला उपयोग काय होता? त्या काळातल्या काही निर्णयांवर आयुक्त अशोक लवासा यांचे मत वेगळे होते, हे देशाने वर्तमानपत्रांत वाचले. 21 मेला आपण बहुमताने ठरवले, की अल्पमत आदेशात येणार नाही, फायलीत राहील. न्यायालये अल्पमताचा निकाल जाहीर करतात. त्यामुळे त्यांची प्रतिष्ठा वाढतेच. आमच्या गावात झालेल्या भाषणाबद्दल तीन आयुक्तांनी काय विचार केला, तो आमच्यापासून का लपवला गेला?

प्रचार थांबल्यावर मतदाराला शांतपणे विचार करता यावा म्हणून कलम 126 मध्ये मतदान संपेपर्यंतचे शेवटचे अठ्ठेचाळीस तास राखून ठेवले आहेत. 7 मे 2024 रोजी आम्ही रांगेत उभे असताना शेजारच्या बीडसाठी होणारी सभा प्रत्येक वाहिनीवर आणि प्रत्येकाच्या मोबाईलवर थेट चालू होती. कायद्याने ती सभा दुसऱ्या मतदारसंघातली होती. ऐकणारे मात्र आम्ही होतो. बदललेल्या माध्यमांच्या काळात या कलमाचे काय करायचे, हे पाहण्यासाठी आपण उमेश सिन्हा समिती नेमलीत आणि तिचा अहवाल जानेवारी 2019 मध्ये आला. रोग आपल्याला कळला होता. तरीही औषध म्हणून आपण टप्पे वाढवलेत. जेवढे टप्पे जास्त, तेवढी ही शांतता पोकळ, हे आपल्या लक्षात आले नसेल यावर विश्वास ठेवणे कठीण आहे.

आणि आश्वासने. 2024 च्या विधानसभेच्या प्रचारात लातूर पट्ट्याचा खरा विषय सोयाबीन होता. हमीभाव होता क्विंटलला 4,892 रुपये आणि शेतकऱ्याला आडतीवर तोही मिळत नव्हता. एका बाजूने 6,000 चा शब्द दिला गेला, दुसऱ्या बाजूने 7,000 चा. पुढच्या हंगामाला जाहीर झालेला हमीभाव 5,328 रुपये होता. शब्द पाळण्याची जबाबदारी देणाऱ्याची आहे, आपली नाही, हे मला मान्य आहे. पण 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितल्यावर आपण आचारसंहितेत जाहीरनाम्यांविषयीचा भाग घातलात, की आश्वासनामागचा विचार आणि पैशाची तरतूद पक्षांनी सांगावी. 4 ऑक्टोबर 2022 रोजी आपण पक्षांना पत्र लिहून आश्वासनांच्या खर्चाचा ठरावीक नमुना प्रस्तावित केलात. तो नमुना 2024 मध्ये सक्तीचा असता, तर आम्ही 6,000 आणि 7,000 कुठून येणार हे मत देण्यापूर्वी विचारू शकलो असतो. तो कुठे अडला?

औशात झालेल्या बॅगांच्या तपासणीबद्दल मला आक्षेप नाही. सर्वांच्या सारख्या तपासा, रोज तपासा. 16 मार्च 2024 रोजी मुख्य आयुक्तांनी धनशक्ती, दंडशक्ती, खोटी माहिती आणि आचारसंहितेचा भंग या चार आव्हानांशी लढण्याचा शब्द देशाला दिला होता. धनशक्ती बॅगेत मावत नाही. ती कायदेशीर मार्गाने, पावतीसकट, हेलिकॉप्टरच्या भाड्यात आणि टप्प्यांच्या अंतरात राहते. तिथे आपण केव्हा पाहणार?

माझ्या मागण्या साध्या आहेत. पहिली, प्रत्येक राज्याचे टप्पे जाहीर करतानाच प्रत्येक मतदारसंघाची तारीख कोणत्या कारणाने ठरली, ते लेखी प्रसिद्ध करा. दुसरी, जे राज्य विधानसभेला एका दिवसात मतदान करते, त्याला लोकसभेला एकाहून अधिक दिवस देण्यापूर्वी विशेष कारण नोंदवा. तिसरी, पक्षांच्या खर्चावर मर्यादा घालणारा प्रस्ताव सरकारला पुन्हा पाठवा आणि ते पत्र जनतेसमोर ठेवा. तोपर्यंत स्टार प्रचारकांच्या प्रवासाचा खर्च मतदारसंघवार, प्रचार चालू असतानाच, आपल्या संकेतस्थळावर मराठीतून टाका. चौथी, मतदानापूर्वी आलेल्या तक्रारीचा निर्णय मतदानापूर्वीच द्या आणि वेगळे मत असल्यास तेही प्रसिद्ध करा. पाचवी, ज्या जिल्ह्यांचे मतदान संपले तिथे पाणी, चारा आणि रोजगाराच्या कामांना आचारसंहितेतून आपोआप सूट द्या. दर उन्हाळ्यात विनंतीची वाट पाहू नका.

यातल्या चार गोष्टींसाठी संसदेकडे जाण्याची गरज नाही. घटनेच्या कलम 324 ने निवडणुकांचे नियंत्रण आपल्या हाती दिले आहे आणि हा अधिकार किती मोठा आहे, हे टी. एन. शेषन यांनी याच खुर्चीतून दाखवून दिले आहे. पुढची लोकसभा निवडणूक 2029 मध्ये अपेक्षित आहे. वेळापत्रक आखण्यापूर्वी उत्तर देण्यास पुरेसा अवधी आपल्या हाती आहे. मी दर निवडणुकीत रांगेत उभा राहून मत देतो, पुढेही देईन. त्या मताची तारीख आपण ठरवता. म्हणून ती का ठरली, याचे लेखी उत्तर मी आपल्याकडूनच मागतो.

आपला,
औसा विधानसभा मतदारसंघातील एक मतदार